घोट्याच्या वर

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. मागच्या मे महिन्यात तिने जाहीर केलं, की तिला 'स्ट्रॉबेरी लेग्ज' आहेत. मला आधी वाटलं, हा काहीतरी खायचा पदार्थ असावा. मग तिने पोटरीवरचे बारीक काळे ठिपके दाखवले. केस जिथून उगवतात ती छिद्रं. माणसाच्या कातडीला छिद्रं असतात या गोष्टीला आता एका फळाचं नाव मिळालंय, आणि नाव मिळाल्यामुळे त्यावर बाटलीही मिळते. तिच्या मोबाइलमध्ये अशी बरीच नावं आहेत. दोन मांड्यांमधल्या फटीला 'थाय गॅप', पोटरी आणि घोटा सलग दिसले तर 'कँकल्स'. माझ्या वेळी फार तर 'पाय जाड आहेत' म्हणायचे. एकच दोष होता, तोही सरसकट.

सेल्युलाइट या शब्दाचंही असंच. मांडीवरच्या खळ्याखळ्यांच्या चरबीसाठी तो फ्रेंचांकडून आला, आणि १९६८ साली 'व्होग' मासिकाने तो अमेरिकन बायकांपुढे ठेवला. बहुतेक सगळ्या प्रौढ बायकांच्या मांड्या अशाच असतात. म्हणजे आधी त्या नुसत्या मांड्या होत्या, १९६८पासून त्यांची तक्रार झाली.

हे सगळं मी लेकीला ऐकवलं. ती म्हणाली, "तुला काय, तू कुठे शॉर्ट्स घालतेस."

बरोबर होतं. नव्हते घालत.

माझं वय पंचेचाळीस. डाव्या गुडघ्याच्या मागे एक निळी-हिरवी शीर आहे. ती पोटरीवरून वळणं घेत खाली येते, लोकलच्या नकाशात हार्बर लाइन दाखवतात तशी. लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात आली आणि मुक्कामालाच राहिली. मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला जांभळी जाळी, अगदी कोळ्याने विणल्यासारखी. आणि गुडघ्यांच्या वर कातडीची एक घडी, जी अलीकडची आहे. तिच्यामुळे उभं राहिलं, की गुडघे जरा नाराज दिसतात.

या शिरेबद्दल मला पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर पार्लरमधल्या ताईने. वॅक्सची पट्टी हातात धरून ती थांबली आणि म्हणाली, "इथे नाही हं लावणार मी. शीर आहे." मी ओशाळून काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं काहीच नाही. मी बघते ना रोज." डोंबिवलीत बायकांचे पाय तिच्याइतके क्वचितच कुणी पाहिले असतील. तिचा अनुभव असा, की गुळगुळीत, एकसारखे, विनाडागाचे पाय असतात, पण त्यांचं वय पंधरा असतं, आणि त्या मुलीही रडतच येतात. ती स्वतः रोज दहा तास उभी असते. तिच्या सलवारीच्या आत काय आहे, ते तिने सांगितलं नाही.

आपल्याकडे पावलांचं केवढं कौतुक! गौरी येतात तेव्हा दारापासून रांगोळीने त्यांची पावलं काढतो. नवीन सुनेच्या पायगुणाची चर्चा होते. जोडवी, पैंजण, मेंदी, आळता, सगळं पावलाला. मोठ्यांच्या पाया पडतो. आणि हे सगळं घोट्याला संपतं. त्याच्यावर जे सुरू होतं ते एकदम घरातलं, झाकायचं. मांडीची तरी सोय आहे, कारण मांडी म्हणजे बाळ झोपवायची जागा, जेवायला घालायची बैठक. पण पोटरी? हा शब्द आपण मोठ्याने उच्चारतो तो पोटरीत गोळा येतो तेव्हाच.

हे फार जुनं असेल असं वाटत नाही. माझी आजी नऊवारी नेसायची. कासोटा घातला की पोटऱ्या निम्म्या उघड्याच. विहिरीवर, शेतात, बाजारात तिच्या पोटऱ्या अख्ख्या गावाने पाहिल्या होत्या आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. आईची पिढी गोल साडीवर आली. साडी सुटसुटीत झाली, शहरी झाली आणि थेट घोट्यापर्यंत उतरली. मग माझी पिढी सलवार, जीन्स, लेगिंग्ज. एका कुटुंबातल्या तीन बायकांत पाय हळूहळू दिसेनासे झाले, आणि आता चौथीला ते पुन्हा दाखवायचे आहेत तर ते फोनमधल्या पायांसारखे हवेत.

उघडे, म्हातारे, वापरलेले पाय एकत्र पाहायची एक जागा मला लहानपणी मिळाली होती. मावशी फलटणला राहते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते, तेव्हा तिच्याकडे ओसरीभर वारकरी बायका असायच्या. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर चालून आलेल्या. मावशी तेल कोमट करायची आणि आम्ही पोरी एकेकीच्या पायाशी बसायचो. एरवी आई मला दिवसातून तीनदा सांगायची, पोरीच्या जातीने पाय पसरून बसू नये. त्या ओसरीवर साठीच्या, सत्तरीच्या बायका भिंतीला टेकून खुशाल पाय पसरून बसलेल्या असत. दोरखंडासारख्या शिरा, भेगाळलेल्या टाचा, नडगीवर जुने व्रण, आणि तेल लावताना अंगठा आत जाणार नाही अशा घट्ट पोटऱ्या. त्या पायांना कुणी सुंदर म्हटल्याचं आठवत नाही. कुणी लुगडं ओढून झाकल्याचंही आठवत नाही.

ही ओसरी मला आठवली ती तीन वर्षांपूर्वी, आईमुळे.

आईने चोवीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. आधी घरात, मग स्टेशनजवळच्या एका गाळ्यात. पहाटे पाचला ओट्यापाशी उभी राहायची ती अकरापर्यंत, आणि संध्याकाळी पुन्हा. ओट्याबद्दल माझं एक मत आहे. ओटा आला आणि बायकांची चुलीपुढची बसकण सुटली, डोळे-कंबर वाचली, हे खरंच. पण खाली बसून रांधणारी बाई दर थोड्या वेळाने उठायची. पाणी आण, सरपण आण, मीठ राहिलं. उठबस, उठबस. ओट्यापाशी सगळं हाताशी असतं. तिथली बाई एकाच फरशीवर चार-चार तास उभी. आईच्या गाळ्यात ती फरशी ओळखू यायची. कडेच्या फरश्यांपेक्षा गुळगुळीत झाली होती.

त्या दिवाळीत पाडव्याला मी तिच्या पाया पडायला वाकले आणि मला हळदीचा आणि त्याखाली कसला तरी ओलसर वास आला. काय झालंय विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, डास चावला होता. खाजवलं." परकर घोट्याच्या वर न्यायला ती तयारच होईना. सणाच्या दिवशी, जावयासमोर, काय हे. शेवटी आतल्या खोलीत, दार लावून, वीस मिनिटांच्या वाटाघाटींनंतर तिने दाखवलं. बाबांच्या जुन्या बनियनची पट्टी गुंडाळलेली. आत, घोट्यापासून चार बोटं वर, पाच रुपयांच्या नाण्याएवढी जखम. भोवतालची कातडी तपकिरी, कडक आणि चकचकीत, जुन्या चामड्यासारखी. नवरात्राच्याही आधीपासून ती हळद भरत होती. त्याच पायांवर उभी राहून दिवाळीच्या चकल्यांची ऑर्डर पुरी केली होती.

"डॉक्टरला दाखवलंस का?"

"यात दाखवण्यासारखं काय आहे?"

मराठीत आपण डॉक्टरकडे 'दाखवतो'. तिने मात्र तो शब्द दुसऱ्याच अर्थाने घेतला होता. दाखवण्यासारखं म्हणजे सुंदर. तिचे पाय दाखवण्यासारखे नव्हते म्हणून तिने ते डॉक्टरला दाखवले नाहीत. वीस वर्षांपूर्वी शिरा फुगायला लागल्या तेव्हा तिने परकराची शिवण दोन इंच खाली सोडून घेतली. तिच्या दृष्टीने तो इलाजच होता. मला तोपर्यंत वाटत होतं, की पायांच्या दिसण्याची लाज हा रिकामटेकड्यांचा, इन्स्टाग्रामवाल्यांचा प्रश्न आहे. माझ्या आईकडे स्मार्टफोन आहे तो फक्त ऑर्डरी घ्यायला.

ज्या सर्जन बाईंकडे नेलं, त्यांनी कागदावर दोन रेषा काढून समजावलं. रक्त हृदयातून पायापर्यंत येतं ते ढकललं जाऊन. परत वर चढताना मागून जोर फारसा उरत नाही. म्हणून पायाच्या शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. एका बाजूलाच उघडणारे छोटे दरवाजे, रक्त वर जाऊ देतात, खाली पडू देत नाहीत. आणि वर ढकलायचं काम करते पोटरी. पाऊल उचललं, टाच वर गेली, की पोटरीचे स्नायू आवळतात आणि आतली शीर पिळली जाते. डॉक्टर लोक पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यामुळे. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं, शीर फुगते, वाकडीतिकडी होते. त्याला कारणं अनेक. आईवडिलांकडून आलेला कल, बाळंतपणं, वय, वजन, आणि तासन्‌तास एका जागी उभं राहणं. फार वर्षं तसंच राहिलं तर रक्त शिरेतून बाहेर झिरपतं. त्यातलं लोह कातडीत उरतं. तो तपकिरी रंग त्याचा. मग खाज, मग एखादा ओरखडा, जो बरा व्हायचं नावच घेत नाही.

मी घरी येऊन वाचत बसले. या झडपांची गोष्ट मला आवडली. इटलीत पादुआच्या विद्यापीठात फॅब्रिशियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने त्यांच्यावर १६०३ साली पुस्तक लिहिलं. त्याला वाटलं, हात-पाय रक्ताने भरून जाऊ नयेत म्हणून वरून खाली येणाऱ्या रक्ताला आवर घालायला त्या आहेत. त्याचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वी याने १६२८ साली सांगितलं, की नाही, त्या रक्ताला परत हृदयाकडेच जाऊ देतात, म्हणजे रक्त फिरतं. पुरावा म्हणून त्याने पुस्तकात एका हाताची चित्रं दिली आहेत. दंडाला फडकं बांधलेलं, फुगलेल्या शिरा, त्यांवर गाठींसारख्या झडपा, आणि शिरेवर दाबणारं बोट. शरीरातलं एवढं मोठं कोडं सुटलं ते फुगलेली शीर उजेडात धरून तिच्याकडे नीट पाहिल्यामुळे.

आणखी एक आकडा माझ्या डोक्यात बसला. नुसतं उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत दाब असतो साधारण ९० मिलिमीटर पारा. चालायला लागलं, आणि झडपा आणि पोटरी ठीक असतील, तर काही पावलांतच तो ३०च्या आसपास किंवा त्याखाली येतो. उभं राहणं आणि चालणं यांत एवढा फरक. आई डॉक्टरांना म्हणाली होती, "व्यायामाचं मला नका सांगू, मी दिवसभर उभीच असते." त्यावर त्या म्हणाल्या, "काकू, उभं राहणं हा व्यायाम नाही, ती शिक्षा आहे. शाळेत उगाच नाही करायचे."

केरळमध्ये ही शिक्षा थांबवायला बायकांना भांडावं लागलं. कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या मुलींना दिवसभर बसायला बंदी असायची, गिऱ्हाईक असो नसो. त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, आणि २०१८ साली तिथल्या दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क लिहिला गेला. २०२१मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. बसायला स्टूल हवं हे कायद्यात लिहावं लागतं, यावर मी बराच वेळ विचार करत होते. तुम्ही मॉलमध्ये जाता तेव्हा ट्रायल रूमबाहेर उभ्या असलेल्या मुलीच्या आसपास काही बसण्यासारखं दिसतं का, पाहा.

आईची जखम भरायला पाच महिने लागले. आधी पायाला वरून येणारं रक्त नीट पोहोचतंय ना, ते तपासलं. ते न पाहता पाय आवळून बांधणं धोक्याचं असतं, म्हणून हे घरी करू नका. मग चार थरांचं बँडेज, दर आठवड्याला बदलायचं. रात्री पाय उशीवर. नंतर लेझरने ती बिघडलेली शीर आतून बंद केली. आणि आता जन्माची साथ स्टॉकिंग्जची. त्यांचा रंग म्हणे 'स्किन' असतो. जगातल्या कुठल्या माणसाची स्किन तशी असते, ते मला माहीत नाही. डोंबिवलीच्या उकाड्यात ते चढवणं हाच एक व्यायाम आहे.

याच काळात मी माझा सुरू केला. आरोग्यासाठी वगैरे म्हणायला हरकत नाही, पण खरं कारण दिसणं हेच होतं. आईचा पाय बांधताना दर आठवड्याला मला माझी हार्बर लाइन दिसायची. सोसायटीच्या जिममधल्या चोवीस वर्षांच्या मुलाने विचारलं, "काकू, गोल काय आहे?" मी म्हटलं, "पाय चांगले दिसायला हवेत." त्याने वहीत लिहिलं, 'टोनिंग'. हा शब्द फसवा आहे, हे मला नंतर कळलं. स्नायू वाढतो किंवा झडतो, कातडीखालची चरबी कमी-जास्त होते. 'टोन' नावाची तिसरी गोष्ट आत नसते. पण मुलगा चांगला होता. त्याने मला खुर्चीवरून हात न टेकता उठायला-बसायला लावलं, मग खुर्ची काढून घेतली, मग हातात वजन दिलं. आपल्या तालमीतल्या बैठकाच या, फक्त आरशासमोर. मग पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली. मग आठवड्यातून तीनदा सात मजले जिना. पहिल्या आठवड्यात मी कमोडवर बसताना भिंत धरत होते.

नटण्यासाठी व्यायाम करणं हलकं आणि तब्येतीसाठी करणं थोर, अशी एक समजूत आहे. मला ती पटत नाही. माणूस सकाळी साडेपाचला उठतो ते कशाच्या तरी लालसेने उठतो, आणि सुंदर पायांची लालसा ही काही वाईट लालसा नाही. फक्त तिचा हिशोब नीट माहीत असावा. तर माझा हिशोब असा. आठ महिन्यांनी पोटरीला मागून एक गोलाई आली, जी तिशीतही नव्हती. जीन्स मांडीत घट्ट आणि कमरेत सैल झाली. गुडघ्यावरची घडी थोडी कमी झाली, कारण तिच्याखाली आता मांस आहे. जांभळी जाळी होती तशीच. सेल्युलाइट होतं तसंच. आणि शीर आधीपेक्षा ठळक झाली, कारण तिच्या आजूबाजूची चरबी गेली! व्यायामाने सैल झडपा दुरुस्त होत नाहीत. पोटरीचा पंप बळकट होतो, पाय संध्याकाळी जड होत नाहीत, सूज येत नाही. शीर जागेवर राहते. (एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखरी आणि गरम लागली, तर मात्र जिना नाही, थेट डॉक्टर.)

या हिशोबाचं मोठं रूप मला एका जुन्या संशोधनात सापडलं. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी दहा जणांना मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला. सरासरी वय ९०. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट. आणि मांडीतल्या स्नायूचं क्षेत्रफळ मोजलं, तर ते वाढलं होतं ९ टक्के. बाहेरून पाहणाऱ्याला ९ टक्के काय दिसणार? त्यांच्या मुलांना भेटायला आल्यावर आईचे पाय पूर्वीसारखेच बारीक दिसले असतील. आरशाने मोजलं तर ते आठ आठवडे वायाच गेले. मी आरशापुढे उभी राहून पोटरी वळवून बघायची तेव्हा मला हे दोन आकडे आठवायचे, आणि मी तरीही बघायची.

राहिलं स्वतःला स्वीकारणं. स्वतःच्या शरीरावर प्रेम करा, असं फोन मला दिवसातून चार वेळा सांगतो. बहुतेक वेळा त्याच्या खालोखाल क्रीमची जाहिरात असते. मला माझ्या शिरेवर प्रेम करणं काही जमलेलं नाही, आणि एका शिरेवर प्रेम करायची सक्ती कशासाठी? शेजाऱ्यांवर तरी कुठे प्रेम असतं आपलं. पण ओळख असते. दार बंद दिसलं दोन दिवस तर आपण बेल वाजवतो. एवढं पायांच्या बाबतीत जमलं तरी खूप. आईला स्वतःच्या पायाशी बोलचालच बंद करावी लागली होती.

मी शॉर्ट्स घेतल्या त्या गुडघ्याच्या वर दोन बोटं. पहिल्या दिवशी मैदानावर चालायला गेले तेव्हा वाटलं सगळे बघतायत. कुणी बघत नव्हतं. पोरं क्रिकेट खेळत होती, काका लोक राजकारणात होते. पाचव्या की सहाव्या दिवशी बाकावरच्या एका आजींनी मला हाक मारली. पासष्टच्या असतील, पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज. माझ्या शिरेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दुखते का गं?" मी म्हटलं, नाही, आता नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली. दोन्ही पायांवर द्राक्षांच्या घडासारख्या गाठी. "बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. खुर्ची होती, पण बसलं की मुख्याध्यापक बघायचे." शेजारच्या बाईंनी मग आपला पाय पुढे केला. तिसऱ्या रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होत्या, त्यांचं बसून बसून झालं होतं. दहा मिनिटांत त्या बाकावर पाच बायकांचे पाय उघडे पडले होते. कुणाचा तपकिरी डाग, कुणाच्या ऑपरेशनच्या खुणा, कुणाचे नुसतेच बारीक, पांढरे, उन्हाचं तोंड न पाहिलेले. तपकिरी डागवाल्या बाईंना मी आईच्या डॉक्टरांचा नंबर दिला. त्या म्हणाल्या, "दाखवीन." मी म्हटलं, "याच आठवड्यात." पुढच्या आठवड्यात त्या बँडेज बांधून आल्या आणि बाकावर जरा रुबाबातच बसल्या.

लेकीला मी यातलं काही उपदेश म्हणून सांगितलेलं नाही. तिने एकदा विचारलं, "आई, मला पण होणार का तुझ्यासारखी शीर?" मी म्हटलं, होऊ शकते, आजीला आहे, मला आहे. ती गप्प झाली. मग म्हणाली, "जिना शिकव." जिना काय शिकवायचा? पण चढलो आम्ही दोघी. पाचव्या मजल्यावर ती थांबली, मी नाही. तिची बाटली अजून बाथरूममध्ये आहे, निम्मी झालीय.

सकाळच्या ७:४२च्या फास्ट लोकलला बसायला जागा मिळत नाही. लेडीज डब्यात दाराजवळ वरची कडी धरून मी टाचा वर-खाली करते, ठाण्यापर्यंत साधारण शंभर. पहिले काही दिवस बायका संशयाने बघत. आता आमच्या ग्रुपमधल्या तिघी करतात. गर्दी इतकी असते, की एकीने टाचा उचलल्या तर शेजारची आपोआप उचलली जाते.

आईने केंद्र आता दोघींच्या हाती सोपवलंय, पण सकाळी दोन तास ती जातेच. मी तिथे दोन उंच स्टुलं आणून दिली. त्यातलं एक तव्यापाशी चालतं, कारण पोळी भाजायला बसून जमतं. पोळपाटाशी मात्र बसून लाटण्याला जोर येत नाही, असं तिघींचं म्हणणं पडलं. मग आईनेच तोडगा काढला. दर अर्ध्या तासाने जागा बदलायच्या, लाटणारी तव्यापाशी आणि तव्यावरची पोळपाटाशी. आणि लाटणारीने दर पोळीमागे पाच वेळा टाचा उचलायच्या. परवा मी गेले तर आई पोळी लाटत होती, साडी घोट्याच्या चांगली वर खोचलेली, खाली ते विचित्र रंगाचे स्टॉकिंग्ज. डबा न्यायला आलेला एक मुलगा काउंटरपाशी उभा होता. त्याच्या देखत ती टाचा उचलत होती आणि मोजत होती. तिने मला पाहिलं, पण मोजणं थांबवलं नाही. पाच झाल्यावर म्हणाली, "उभी काय आहेस नुसती? बस तरी, नाहीतर चाल."